मोजनळीच्या पोटातला गाळ

"बसा गं बायांनो, बसा. भांडू नका. तुमचं काम झालं, आता पाण्याला वर येऊ द्या."

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या पोटात काहीतरी तपकिरी, गढूळ, बुडबुड्यांनी भरलेलं ओतलं होतं आणि मी किळसेने अंग चोरून उभी होते. पुढे त्याच आवाजाची मला सवय लागली. आता तो आवाज असं बोलत नाही. ज्या बाईचा तो आवाज, तिच्याजवळ बोलण्यासारखं लोकांनी काही ठेवलंच नाही.

मित्रांनो, मी एक जुनी मोजनळी आहे. जाड काचेची, हातभर उंच. तळ बंद, तोंडाला चोच आणि अंगभर बारीक रेघा. चोच आता तुटली आहे. ती कशी तुटली, तेही ओघात येईलच.

माझा जन्म भट्टीतला. लाल रसाचा गोळा होते मी. एका कारागिराने गाल फुगवून माझ्यात श्वास भरला, दुसऱ्याने माझ्या अंगावर रेघा कोरल्या. भुशात गुंडाळून पेटीत ठेवलं तेव्हा माझ्या बहिणी कुजबुजत होत्या. कुणाला दवाखान्यात जायचं होतं, कुणाला अत्तराच्या कारखान्यात. माझ्या वाट्याला आलं वस्तीच्या टोकाचं सांडपाण्याचं केंद्र.

त्या वस्तीला पाणी टँकरने यायचं. घरोघर नळ होते, पण त्यांतून नुसता वारा वाहायचा. रांगेत भांडून मिळवलेलं पाणी एकदा वापरलं की मोरीतून, न्हाणीतून निघून जायचं. ते अडवायचं, स्वच्छ करायचं आणि पुन्हा नळाला सोडायचं, यासाठी ते केंद्र बांधलं होतं. पाणी आधी जाळीतून येई. चिंध्या, केस, साली तिथेच अडकत. मग ते मोठ्या टाकीत पडे. तिथे एक यंत्र खालून अखंड हवा फुंकत असे आणि त्या हवेवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव जगत. ते घाण खात, खाऊन खाऊन जड होत आणि जड झाले की तळाशी बसत. बसलेल्या गाळातला थोडा पुन्हा टाकीत सोडत, कालच्या दह्याने आजचं दूध विरजावं तसा. वरचं नितळ पाणी वाळूच्या थरांतून आणि बारीक गाळण्यांतून पुढे जाई.

तो गाळ धडधाकट आहे की आजारी, हे सांगण्याचं काम माझं. रोज सकाळी केंद्रावर कामाला असलेली ती बाई मला टाकीतल्या पाण्याने काठोकाठ भरायची, खिडकीच्या कट्ट्यावर उभी करायची आणि स्टूल ओढून समोर बसायची. अशा वेळी मला कुणाचा धक्का लागलेला तिला खपत नसे. वाट बघता बघता ती गुणगुणायची:

बस रे माझ्या गाळा, तळी अंथर घोंगडी,
वर उजळू दे पाणी, जशी काचेची बांगडी.

आणि गाळ बसायचा. कापसाच्या पुंजक्यांसारखा, एकमेकांचा हात धरून, सावकाश. वर पाणी एवढं स्वच्छ उरायचं की माझ्यातून पलीकडचं झाड दिसायचं. बाई माझ्या रेघांवर बोट ठेवून गाळ कुठवर आला ते बघायची आणि मला मऊ फडक्याने पुसून फळीवर ठेवायची. "खोटं बोलत नाहीस, म्हणून तू माझी लाडकी," म्हणायची. मित्रांनो, कौतुक म्हणून माझ्या वाट्याला आलं ते एवढंच. पण ते रोज आलं.

वस्तीत मात्र तिचं कौतुक नव्हतं. तिला कुणी नावाने हाकही मारत नसे. गाळबाई म्हणत. नवरा गेलेला, घरात सासू आणि ती दोघीच. सासूबाईंच्या जिभेला सगळी वस्ती वचकून असे, आणि त्या जिभेचा सगळ्यात जास्त मार खाई ती घरातली सून.

एकदा सासूबाई घराची किल्ली न्यायला केंद्रावर आल्या. पदर नाकाला, उभ्या राहिल्या खिडकीबाहेर.

"किल्ली दे. लांबूनच दे."

"आई, आत तरी या. ऊन आहे."

"आत? नाकात कापसाचे बोळे घालायला अजून अवकाश आहे माझा." मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. "हे काय, सरबत?"

"गाळ आहे. बघा तरी, कसा छान बसलाय."

"लोकांच्या सुना मांडीवर पोरं बसवतात. माझी गाळ बसवते."

बाईने ते गिळलं. तिला गिळायची सवय होती. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पुढच्या आठवड्यात पाणी तपासायला समिती येणार आहे, आई. पाणी पसंत पडलं तर आपल्या नळाला सोडतील. सगळ्यांसमोर पहिला पेला मी प्यायचाय."

"आणि नाही पडलं तर?"

"तर केंद्र बंद. मग मीही घरीच."

सासूबाईंनी किल्ली पदराच्या टोकाला बांधली आणि निघून गेल्या.

समिती यायच्या दिवशी बाई धुतलेलं पातळ नेसून आली. मला टाकीत बुडवलं, भरलं, कट्ट्यावर ठेवलं आणि गुणगुणायला लागली. पहिली ओळही तिची पुरी झाली नाही. माझ्या पोटात तपकिरी काही नव्हतंच. राखाडी, फाटकं, चिंध्या झालेलं काहीतरी तरंगत होतं. ते ना खाली बसत होतं, ना वर येत होतं. काल संध्याकाळपर्यंत घास मागणारे जीव आज माझ्यात मरून पडले होते, आणि मला त्यांना टेकवायला तळही देता येत नव्हता. बाईने नाक माझ्या तोंडाशी आणून पुन्हा पुन्हा वास घेतला.

तेवढ्यात केंद्राचे साहेब समितीच्या पाहुण्यांना घेऊन आलेच.

"बाई, हे काय आहे?"

"साहेब, गाळ मेलाय."

"मेलाय? म्हणजे आता सुतक धरायचं का आम्ही?"

पाहुणे हसले.

"वास घेऊन बघा, साहेब. ब्लीचिंगचा आहे, फिनेलचा आहे. वस्तीतून कुणीतरी ओतलंय."

"वास घ्यायला मी कुत्रा आहे?"

समितीतल्या एका गृहस्थांनी चष्मा सारखा केला. "पण ब्लीचिंगने पाणी शुद्धच होतं ना?"

"शेवटी जरासं टाकलं तर होतं. आधीच एवढं ओतलं तर शुद्ध करणारेच मरतात."

पाहुण्यांसमोर आपल्या हाताखालची बाई उत्तरं देते, हे साहेबांना सोसलं नाही. त्यांचा आवाज एकदम गोड झाला. "पहाटे तुम्ही हवेचं यंत्र बंद ठेवलंत, बाई. गाळ गुदमरला. आता वस्तीवर ढकलू नका."

"यंत्र चालू होतं, साहेब. आत्ताही चालू आहे, ऐका ना."

"आत्ता आहे."

"पहिला पेला यांनीच प्यायचा होता ना?" मागून कुणीतरी म्हणालं. "प्या की मग."

पुन्हा हसू उसळलं. साहेबांनी मला उचलून सगळ्यांना दाखवलं आणि कट्ट्यावर आपटलं. माझी चोच तुटली. माझ्यातलं मेलेलं पाणी उडून त्यांच्या बुटांवर पडलं. ते नुसते बुटाकडे बघत उभे राहिले. बाई खाली वाकली आणि धुतलेल्या पातळाच्या पदराने तिने तो बूट पुसला.

केंद्राला कुलूप लागलं. मला कचऱ्यात टाकलं होतं. बाईने मला तिथून उचललं आणि पदराखाली झाकून नेलं. त्या दिवशी मला काखोटीला मारूनच ती दारोदार हिंडली. "खरं सांगा, मोरीत काही ओतलं होतं का? कुणावर राग नाही माझा." बहुतेकांनी दार उघडलं नाही. उघडलं त्यांनी विचारलं, "आमच्या मोरीची पंचाईत तुला कशाला?" एकीने तर मुलाला हाक मारून सांगितलं, "अरे, गाळबाई आली बघ, तिला आतला डबा दाखव उष्ट्या-खरकट्याचा, आवड आहे तिला."

टँकर पुन्हा येत राहिला. रांगेत तिला सगळ्यांच्या शेवटी उभं करत. "हिच्यामुळे नळ गेले आपले," असं ज्या म्हणत, त्यांच्या हातांना आम्ही दारोदार हिंडलो त्या दिवशी फिनेलचा वास होता. बाईला तो आला नाही. मला आला. पण काचेला ऐकतं कोण?

घरी सासूबाईंनी माझ्यात पळ्या आणि झारे खोचले. माझ्या रेघांवर तेलाचे ओघळ सुकले. बाई लोकांची भांडी घासायला जायची, वाकून परत यायची, आणि दारातच तिचं स्वागत व्हायचं. "आली नोकरी घालवून. आता आणखी काय घालवायचंय?" त्या घरात उलट उत्तर कधी ऐकू आलं नाही. उत्तराच्या जागी भांडी हळू ठेवल्याचा आवाज यायचा.

हिवाळा सरत आला तेव्हा केंद्राचा पहारेकरी निरोप घेऊन आला. केंद्र पुन्हा सुरू करायचं म्हणतायत. गाळ दुसरीकडून आणतील, माणसं नवी घेतील. फक्त समितीसमोर एकदा बाईने कबूल करायचं, की त्या पहाटे यंत्र तिनेच बंद ठेवलं होतं. मग तिलाही झाडायला ठेवतील म्हणे.

मित्रांनो, इथे माझी एक विनवणी आहे. मोरीत ओतलं की गेलं, असं तुम्हाला वाटतं. जात काहीच नाही. तुमच्या मोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी बसलेलं असतं. त्यातले काही इतके लहान असतात की दिसत नाहीत. काही दिसतात, पण तुम्ही त्यांच्याकडे बघत नाही. ओतताना हात क्षणभर थांबवा. आणि ओतून झालंच असेल, तर निदान तोंडाने कबूल करा. गप्प राहिलेल्या माणसाचा गाळ कुठे बसतो, हे मी त्या स्वयंपाकघरात उभी राहून पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी बाईने केस विंचरले, चपला घातल्या. सासूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या.

"कुठे निघालीस?"

"केंद्रावर. सांगते त्यांना, यंत्र मीच बंद ठेवलं होतं."

"ठेवलं होतंस?"

"आता मलाच कळत नाही, आई. सगळे म्हणतात, तर ठेवलंही असेल."

ती पुढे झाली, पण सासूबाई उंबऱ्यावरून सरकल्या नाहीत. त्यांनी तिच्या निऱ्या मुठीत धरल्या होत्या, लहान मूल धरतं तशा. 

"यंत्र चालू होतं तुझं," त्या म्हणाल्या. "आदल्या संध्याकाळी मी घरोघर हिंडले. पहाटे उठल्या उठल्या ब्लीचिंग, फिनेल, घरात असेल ते मोरीत ओता, म्हणून सांगितलं. चारी गल्ल्यांना. आणि नंतर कुणी तोंड उघडायचं नाही, हेही मीच बजावलं."

 बाईने एवढंच विचारलं, "का, आई?"

"मोठी माणसं येणार होती," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या सुनेच्या जागेला वास येतो, असं त्यांनी म्हणू नये, एवढंच वाटलं."