बदकिणीचे पाय

गोजर सातवी पास होती. पुणतांब्याच्या त्या घरात वाचता येणारी बाई ती एकटीच, आणि त्याचा तिला तोरा होता. त्र्याहत्तर साली तिच्या नवऱ्याने, गोरक्षने, कोपरगावच्या बाजारातून चार वर्षांच्या लेकीसाठी, छबूसाठी, चित्रांचं पुस्तक आणलं, ते थेट गोजरच्याच हातात दिलं.

"पिल्लू तळ्यावर गेलं. दिवसभर खेळलं. संध्याकाळी घरी आलं. आईला आनंद झाला."

गोजरने खणखणीत वाचलं. संपायच्या आतच छबू उठून शेळीकडे पळाली.

दुसऱ्या दिवशी थोरली जाऊ भीमाबाई तेच पुस्तक घेऊन बसली. तिला अक्षरओळख नव्हती. ती नुसती चित्राकडे बघत राहिली.

"छबे, बदकिनीचं पाय बघ. चिखलानं भरल्यात. लेकरू दिसंना म्हून समदं तळं धुंडलंय तिनं. अन् पिल्लाचं पाय कसं सोच्छ! त्याला काईच ठावं न्हाई."

छबूचे डोळे डबडबले. ती भीमाबाईला बिलगली.

गोजरने छापील ओळींवर बोट ठेवलं. "आक्का, असं कुठं लिहिलंय?"

"लिव्हलं नसंल गं," भीमाबाई ओशाळली. "पर काढलंय की."

तेव्हापासून छबू पुस्तक घेऊन 'मोठी आई'कडेच जाऊ लागली. लेक आपली, पुस्तक आपलं, वाचता आपल्याला येतं, आणि मांडी मात्र तिची! एका दुपारी भीमाबाई खुरपायला गेलेली बघून गोजरने दौत काढली आणि बदकिणीचे पाय शाईने बरबटून टाकले. आता सांग म्हणावं गोष्ट.

संध्याकाळी पान उघडताच भीमाबाई थबकली. तिने गोजरच्या निळ्या बोटाकडे एकदा पाहिलं. मग छबूला जवळ ओढलं.

"बया! आज तर गुडघ्याएवढ्या गाळात शिरल्ती गं. लई लांब गेल्ती वाटतं."

छबू हमसून रडली.

गोजरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आक्काने चार शब्द सुनावले असते तरी बरं वाटलं असतं. ती चुलीपाशी गेली, परत आली, आणि शेवटी दोघींच्या शेजारी टेकली. मत्सर काही गेला नव्हता. छबूचं डोकं अजून भीमाबाईच्याच खांद्यावर होतं.

"आक्का," ती पुस्तकाकडे बघत म्हणाली, "त्या आधीच्या पानावर काय हाय?"

भीमाबाईने पान मागे उलटलं आणि पुस्तक तिच्याकडे सरकवलं. "तूच बघ की. पर वाचू नगंस."