परसरामची हाक

अंकुशला आईवडिलांचे चेहरे आठवत नव्हते. एक सूर तेवढा आठवत होता.

तुमसर रोड स्टेशनवर उभ्या असलेल्या पॅसेंजरच्या रिकाम्या डब्यात तो पोलिसांना सापडला, तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचा असेल. त्याला नाव सांगता येत नव्हतं, गावही नाही. भंडाऱ्याच्या एका बालगृहात तो वाढला. तिथं स्वयंपाक करणाऱ्या सुमनबाईंनी त्याचं नाव अंकुश ठेवलं, आणि हे पोर वेगळं आहे हेही आधी त्यांच्याच लक्षात आलं. एकदा कानावर पडलेलं तो विसरत नसे. आरती असो, लग्नातला बँड असो की कुणाच्या मोबाईलची रिंगटोन, तो ते त्याच पट्टीत जसंच्या तसं म्हणून दाखवी. पुढं तो पेटी शिकला, बासरी शिकला, आणि मिसरूड फुटायच्या आधीच झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीत ऑर्गनवर बसू लागला.

तो सूर मात्र त्याला कुणी शिकवलेला नव्हता. आधी खाली उतरत जाणारे चार स्वर, मग लाकडावर दोनदा टकटक, आणि शेवटी एक लांबलचक, वळत जाणारी हाक. लहानपणी झोपेतही तो हे गुणगुणायचा. शेजारच्या खाटेवरची मुलं घाबरून सुमनबाईंकडे जाऊन झोपत.

अंकुशनं मनाशी हिशेब मांडला होता. हा सूर आपल्या घरचा आहे. म्हणजे तो ओळखणारं माणूस कुठल्या तरी गावात असणारच. म्हणून त्यानं नागपूरच्या ऑर्केस्ट्राचं बोलावणं नाकारलं आणि गावोगाव फिरणारी कंपनी धरली. नाटक पहाटे संपायचं. सगळे झोपले की तो चौकात, नाहीतर चहाच्या टपरीवर बसून बासरीवर तो सूर वाजवायचा. लोक ऐकायचे, "बढिया वाजवता" म्हणायचे आणि आपल्या कामाला लागायचे. असे कितीतरी हंगाम गेले.

त्या माघात कंपनीचा मुक्काम नाकाडोंगरीच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या एका गावात होता. सकाळी अंकुश तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर जाऊन बसला. पाण्यावर धुकं होतं. खाली घाटावर बायका धुणं धूत होत्या. त्यानं बासरी काढली. टकटकीची जागा आली तेव्हा बासरीनंच दगडावर दोनदा ठोकलं.

धुण्याचा आवाज थांबला.

त्यानं पाहिलं, बायका गुडघाभर पाण्यात तशाच उभ्या होत्या. एकही त्याच्याकडे पाहत नव्हती. सगळ्यांचे डोळे पाण्यावर होते. मग एकजण ओरडली, "छोटू! ए छोटू, कुठं हायस?" दुसरी कपडे टाकून गावाकडे पळाली. एक तरुण बाई घाईघाईनं पाळ चढून त्याच्यापर्यंत आली. तिचा श्वास लागला होता.

"कोण बुडलं?"

"कोणी नाही. मी तर नुसता वाजवत होतो."

"मंग हे कायले वाजवून राहिले? बंद करा ना!"

अंकुश उठून उभा राहिला. "तुम्ही हे ओळखता?"

"मी लहान होती तेव्हा ऐकलं होतं. परसरामची हाक आहे ते. कोणी बुडलं का थो डोंग्यात बसून हाक मारे, मंग मढं वर ये." ती दोन पावलं मागं सरली. "पण परसराम तं मेला. तुमच्याजवळ कुठून आली?"

परसरामची बायको रुखमा ढिवरांच्या, मासे धरणाऱ्यांच्या मोहल्ल्यात अगदी शेवटच्या घरात राहत होती. अंकुश गेला तेव्हा ती अंगणात जाळं विणत बसली होती. त्यानं तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "बस. मले वाटलं, याच्या आधीच येशीन तू."

"तुम्ही मला ओळखता?"

"तुले नाही. सकाळी पाळीवर वाजवली ते हाक ओळखते." तिनं जाळं बाजूला ठेवलं. "तुहा बाप बाबुलाल. माय ज्योत्सना. खाणीवर कामाले होते, कुठून आले होते ते मले माहीत नाही."

इतक्या वर्षांचा शोध दोन नावांवर येऊन थांबला. अंकुशनं ती दोन्ही नावं ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिली. त्याला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

रुखमानं सांगितलं ते असं. पावसाळ्यात तलाव पाळीला टेकला होता. खाणीवर जायचा रस्ता लांबून होता, म्हणून बाबुलालनं बायकोला आणि पोराला डोंग्यात, लाकडाच्या छोट्या होडीत बसवून पाण्यातून न्यायचं ठरवलं. मधोमध डोंगा उलटला. पोर काठावरच्या बेशरमाच्या झुडपात अडकलेलं जिवंत सापडलं. परसराम डोंगा घेऊन गेला, डोंग्याच्या काठावर वल्ह्यानं दोनदा ठोकलं आणि हाक मारली. दुसऱ्या दिवशी ज्योत्सना वर आली. बाबुलाल आला नाही.

"तू माह्या मांडीवर होता, पाळीवर. रडला नाही. नुसता ऐकत होता," रुखमा म्हणाली. "तुमचं कोणी विचाराले आलं नाही, मंग आम्हीच ठेवलं तुले. आम्हाले लेकरू नव्हतं. अन् एक दिवस अंगणात माती खेळता खेळता तू हाक मारली. बरोबर त्याच्यासारखी. त्याच्या हातातला घास खाली पडला. त्या दिवसापासून पाणी त्याचं ऐकेनासं झालं. म्हणे, माह्या गळ्यातलं या पोराच्या गळ्यात गेलं."

मग गावातल्या बायाबाईची मुलगी डिंपल कमळं आणायला तलावाकडं गेली ती परत आलीच नाही. सात-आठ वर्षांची पोर. त्या वेळी अंकुश पाळीवर बसून तो सूर गुणगुणत होता, आणि ते अनेकांनी ऐकलं होतं. परसरामनं डिंपलसाठी हाका मारमारून गळा बसवून घेतला. ती वर आली नाही. गाव म्हणालं, या पोट्ट्यानंच तिला बोलावून घेतलं. माणसं दारात येऊन उभी राहिली. दुसऱ्या सकाळी परसरामनं पोराला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि तुमसर रोडला नेलं. परत आला तो एकटाच.

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना बाप्पा," रुखमा म्हणाली. "पण भेव जास्त होतं."

आई पाळीपलीकडं, मोहाच्या झाडाखाली पुरलेली होती. अंकुशनं तिथली वाळकी पानं हातानं बाजूला केली. मग परत येऊन त्यानं रुखमाला विचारलं, "आणि बाबा?"

रुखमानं हनुवटीनं तलाव दाखवला.

दुपारी धुकं विरलं. रुखमाचा पुतण्या हिरालाल याच तलावात मासे धरायचा. तो आधी नाहीच म्हणाला. पण रुखमा स्वतः डोंग्यात जाऊन बसली, तेव्हा त्यानं निमूटपणे बांबू उचलला. तलावाच्या मधोमध त्यानं डोंगा थांबवला. ऊन चांगलं होतं, वारा नव्हता. अंकुशनं बासरी ओठांना लावली, चार स्वर वाजवले, डोंग्याच्या काठावर दोनदा ठोकलं आणि लांब हाक घातली.

पलीकडच्या काठावरची बदकं एकदम उडाली.

त्यानं पुन्हा वाजवलं. या वेळी त्यानं ठोकलं, तसं खालूनही दोनदा ठोकलं गेलं.

हिरालालनं बांबू पाण्याबाहेर उचलून धरला. "मी नाही मारलं," तो म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

अंकुश थांबला नाही. त्याच्या छातीत काहीतरी ओढलं जात होतं, दोरीला वजन बांधून कुणी वर घ्यावं तसं. पाण्यावर बुडबुडे आले, कुजक्या चिखलाचा वास आला. मग खाटेएवढा शेवाळाचा एक थर तळापासून सुटून हळूहळू फिरत वर आला. त्यात एक गमबूट होता. बुटात हाडं होती.

"आला," रुखमा म्हणाली. शेतावरून घरी परतलेल्या माणसाबद्दल म्हणावं तसं.

पोलीस आले, पंचनामा झाला, हाडं तपासणीला गेली आणि काही दिवसांनी परत मिळाली. अंकुशनं ती आईच्या शेजारी ठेवून माती दिली. कंपनी पुढच्या गावाला निघून गेली होती, तो मात्र रुखमाकडंच राहिला होता. या दिवसांत गाव त्याच्याशी बोललं नाही. तो गल्लीतून जाऊ लागला की बायका लेकरांना आत ओढत. माती दिली त्या दिवशी मात्र मोहाखाली बरीच माणसं येऊन उभी राहिली, आणि त्यांतून एक म्हातारी पुढं आली. बायाबाई.

"बाबू, माह्या डिंपललेही बोलाव."

अंकुशला नाही म्हणता आलं नाही. ज्या दुपारी बायाबाई डोंग्यात बसली, त्या दुपारीही तसंच ऊन होतं. हिरालाल बांबू धरून मागं उभा होता. बायाबाई पाण्याकडं पाहतच नव्हती. तिची नजर दूर रस्त्याकडं होती आणि ती सारखी बोलत होती.

"डिंपलले पाण्याचं भेव वाटे. घाटावर पायही भिजवत नव्हती. ते तलावात जाईनच कायले? मी तेव्हापासून सांगून राहिली, पण माहं कोण ऐकते?"

अंकुशनं सूर वाजवला. काठावर ठोकलं.

उत्तर लगेच आलं. बारीक, भरभर, लहान मुलानं बोटांच्या पेरांनी दार वाजवावं तसं. अगदी त्याच्या पायांखाली. हिरालालनं ऐकलं. बायाबाईला ऐकू कमी येत होतं, ती बोलतच राहिली. डोंग्याभोवतीचं पाणी गढुळू लागलं होतं.

अंकुशनं बासरी खाली घेतली. लांब हाक त्यानं घातलीच नाही. खालची टकटक चालू राहिली, तेव्हा त्यानं दोन्ही पाय फळीवर घट्ट दाबून धरले. ती थांबली, पण लवकर थांबली नाही.

"मावशी," तो म्हणाला, "ती इथं नाही."

बायाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तिचा सुरकुतलेला चेहरा हळूहळू उलगडत गेला. "म्हणत होती ना मी! तुले नाही का रेल्वेत ठेवून देल्लं? तसंच तिलेही कोणी नेलं असन. आता मोठी बाई झाली असन वो माय!"

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एस.टी.नं तुमसरला गेली. मग वरठीला. स्टेशनबाहेर बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांचे चेहरे पाहू लागली.

अंकुश पुन्हा कंपनीत ऑर्गनवर बसला. पण होळीच्या आधी हिरालालचा फोन आला. "ये गा तू. मी डोंगा पाण्यात टाकला का खालून वाजते. रोज. तू अर्धवट बोलावलं तिले."

तो गेला. बायाबाई वरठीला गेलेली असतानाच गेला. हिरालाल, रुखमा आणि तो, तिघंच डोंग्यात होते. या वेळी त्यानं हाक पूर्ण घातली. जे वर आलं ते फार थोडं होतं, रुखमाच्या पदरात मावेल एवढं. तिघांनी ते मोहाखाली पुरलं.

अंकुश कोपरापर्यंत मातीनं माखलेला होता, तेव्हाच खिशातला फोन वाजला.

"अंकुश, आज एक बाई दिसली गा वरठीले. भाजी घेऊन राहिली होती. नाक अगदी माह्या डिंपलवानी! मी हाक मारली तं वळून पाहिलं तिनं."

अंकुशनं हात पँटला पुसले. रुखमा त्याच्याकडं पाहत होती.

"मग, मावशी?" तो म्हणाला. "काय म्हणाली ती?"