थांब्यासमोरची हिरवी पट्टी

कोथरूडच्या त्या रस्त्यावर सायकलमार्ग व्हावा म्हणून वासंती केतकर कित्येक वर्षं भांडत आल्या होत्या, आणि तो खरोखर मंजूर झाला तेव्हा सगळ्यांत आधी भडकल्याही त्याच.

मजूर फक्की टाकून मार्गाची आखणी करत होते त्या सकाळी वासंतीबाई सायकल हातात धरून पांढऱ्या रेघेच्या कडेकडेनं चालत निघाल्या. शाळेत गणित शिकवण्यात सगळं आयुष्य गेलेलं. रेघ कुठे जाते ते पाहिल्याशिवाय त्यांना चैन कसली पडणार? रेघ शहाण्यासारखी सरळ आली, बसथांब्याजवळ पोचली, आणि मागून जायला ऐसपैस जागा असताना वळून थांब्याच्या पुढून गेली. म्हणजे थांब्याची शेड आणि बसचं दार यांच्या मधून. बसमधून उतरणाऱ्याचं पहिलं पाऊल पडणार ते थेट सायकलींच्या वाटेत.

मागून का नाही, हे विचारायचीही सोय नव्हती, कारण उत्तर समोरच उभं होतं. थांब्यामागे सेल्फी पॉइंट होता. पुरुषभर उंचीची लाल हृदयाकृती, तिच्या शेजारी कोथरूडवरचं प्रेम जाहीर करणारी दिव्यांची अक्षरं, प्लास्टिकचं गवत, आणि वर ‘संकल्पना’ असं लिहून हात जोडलेल्या माननीय नगरसेवकांचा फोटो. या गावात फूटपाथ हलेल, झाड हलेल, शंभर वर्षांचा पिंपळाचा पारसुद्धा एका रात्रीत नाहीसा होईल, पण ‘संकल्पना’ लिहिलेल्या पाटीला हात लावायची छाती कुणाची नाही. निवडून आलेल्या माणसाला दुसरं काही सुचलं नाही तरी चालतं, बाकडी आणि हृदयं मात्र सुचावीच लागतात.

हे सगळं वासंतीबाईंना एवढं झोंबलं त्याला आणखी एक कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव ललिता ओव्हाळ. दोघींनी एकाच शाळेत नोकरी केली, एकीनं गणित शिकवलं, दुसरीनं इंग्रजी. शिक्षकखोलीतल्या रिवाजाप्रमाणे एकमेकींना ‘केतकर बाई’ आणि ‘ओव्हाळ बाई’ म्हणत राहिल्या, आणि निवृत्तीनंतर शेजारशेजारच्या सोसायट्यांत राहायला आल्या तरी अहो-जाहो काही सुटलं नाही. ललिताबाईंना काचबिंदू झालेला. समोरचं लख्ख दिसे, पुस्तक वाचता येई, पण दोन्ही बाजूंचं काही म्हणजे काही दिसत नसे. तरी त्या आठवड्यातून तीनदा एकट्या बसनं कसब्यात जात, तिथल्या एका अभ्यासिकेत मुलींना इंग्रजी शिकवत आणि संध्याकाळी एकट्या परत येत. मुलगी दीक्षा हिंजवडीत नोकरीला. तिनं आईला स्पष्ट बजावून ठेवलं होतं की एकदा जरी कुठे पडलीस किंवा धडकलीस, तर एकटीनं बाहेर पडणं बंद. मुलगी वाईट नव्हती, घाबरलेली होती. पण ललिताबाईंची सगळी ये-जा, कसब्यातल्या मुली आणि ताठ मान या एका थांब्यावर उभी होती, हे वासंतीबाईंना पक्कं ठाऊक होतं.

मग नागरिकांची बैठक झाली. सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, चहा आला, बाकरवडी आली, आणि रस्त्याचं काम बघणारे अभियंता संजय कुलथे पडद्यावर रंगीत चित्रं दाखवू लागले. चित्रांत झाडं होती, फुगे होते, हसरी गोरी माणसं सायकली चालवत होती. बसथांबा चित्रात नव्हताच. वासंतीबाईंनी तो कुठे गेला असं विचारल्यावर साहेब म्हणाले, चित्र प्रातिनिधिक आहे.

त्यानंतर जे झालं ते होणारच होतं. रोज फिरायला जाणारे ज्येष्ठ उठून म्हणाले की सायकलवाले अंगावर येतात, त्यांना बंदीच घाला. सायकल क्लबचा आमोद, तंग कपडे आणि हेल्मेटसकट आलेला, म्हणाला की लोकांनी मोबाईलमधून डोकं वर काढून चालावं. बघता बघता निम्मा हॉल निम्म्या हॉलवर तुटून पडला. ज्यांनी रेघ आखली होती ते साहेब मधे बसून शांतपणे बाकरवडी खात होते. वासंतीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. चालणारे आणि सायकलवाले, दोघंही मोटारींच्या भीतीनं कडेला दबून जगणारे. त्या दोघांना हातभर पट्टीत कोंबायचं आणि आपापसांत भांडायला लावायचं, आणि पलीकडे दोन्ही बाजूंना फुकट लावलेल्या गाड्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. याला नियोजन म्हणायचं असेल तर गोंधळ कशाला म्हणायचं, असं त्या उभं राहून म्हणाल्या.

कुलथे साहेबांनी हसून विचारलं, “बाई, आपण तर पूर्वीपासून सायकलवाल्या. आज पायी चालणाऱ्यांच्या बाजूनं बोलताय. आपण नेमक्या कुणाच्या?”

“सायकलवरून उतरल्यावर मी पाय काढून ठेवत नाही,” वासंतीबाई म्हणाल्या.

हॉल हसला. हसण्यापलीकडे काही झालं नाही. रविवारी चाचणी घेऊ, काही अडचण असेल तर त्यात कळेलच, असं ठरलं.

चाचणीच्या दिवशी वासंतीबाईंना पिवळी टोपी आणि ‘मी सायकलप्रेमी’ लिहिलेला टी-शर्ट मिळाला. रस्ता बंद ठेवला होता. बंद म्हणजे पूर्ण बंद, बससुद्धा मागच्या रस्त्यानं वळवलेल्या. त्यामुळे थांब्यावर कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही, आणि कुणाला धक्का लागला नाही. चाचणी यशस्वी झाली. पाण्यात न उतरता पोहण्याची परीक्षा पास होण्यातला हा प्रकार होता, पण ड्रोन उडत होता, फोटो निघत होते, कुणाला सांगणार?

पुढच्या चार दिवसांत फक्कीच्या जागी हिरवा रंग आला. रंग वाळायच्या आत त्यावरून दुचाक्या जाऊ लागल्या, कारण या शहरात रिकामी पट्टी दिसली की तिच्यावर स्कूटर घालणं हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे असं निम्मी जनता मानते. त्यांना चुकवत वासंतीबाई संध्याकाळी भाजी घेऊन सायकलवरून येत होत्या. थांब्यावर बस लागली होती. त्यांनी वेग कमी केला, घंटी वाजवली. तरीही बसच्या पायरीवरून एक पाय त्यांच्या पुढच्या चाकासमोर उतरलाच. वासंतीबाईंनी दोन्ही ब्रेक करकचून दाबले, सायकल तिरकी झाली, टोमॅटो रस्ताभर झाले. समोर हँडलला घट्ट धरून ललिताबाई उभ्या होत्या.

ललिताबाईंनी दीक्षाला यातलं काही कळता कामा नये एवढंच सांगितलं. सगळं माहीत असलेली, सावकाश येणारी, घंटी वाजवणारी बाई जर इथे धडकता धडकता राहते, तर फोनवर बोलत सुसाट येणाऱ्यांचं काय? वासंतीबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. असला संताप त्यांना कित्येक वर्षांत आला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी त्या कुलथे साहेबांच्या कार्यालयात गेल्या आणि त्यांनी फळ्यासमोर उभं राहावं तसं सगळं मांडलं. बसचं दार इथे, शेड इथे, मधे एवढीच रुंदी. उतरणारा माणूस थांबू शकत नाही, कारण मागून लोक ढकलतात. सायकलवाल्याला उतरणारा दिसत नाही, कारण दार उघडेपर्यंत तो बसच्या आत असतो. म्हणून बसथांबा आणि सायकलमार्ग या दोन गोष्टी एका जागी राहू शकत नाहीत. एवढं सांगून त्या थांबल्या. शिकवण्याची त्यांची रीतच तशी होती. उदाहरण उत्तराच्या दारापर्यंत आणून सोडायचं आणि शेवटची पायरी मुलांना करू द्यायची. शाळेतल्या ढ मुलांनीही त्यांना कधी दगा दिला नव्हता. इथे तर उत्तर इतकं उघड होतं की ते उच्चारणं म्हणजे समोरच्याचा अपमान.

कुलथे साहेबांनी मान डोलावली. “पटलं बाई. अगदी मुद्द्याचं बोललात. आठवड्यात निकाली काढतो.”

आणि खरोखर काढलं. आठवड्याच्या आत गॅस कटर घेऊन माणसं आली आणि त्यांनी बसथांबा कापून नेला.

शेड गेली, पाटी गेली, बाक गेला. चार कापलेले पाइप तेवढे जमिनीत राहिले. बस आता पुढच्या मोठ्या चौकापलीकडे थांबणार होती, जिथे सिग्नल सुटला की धडधाकट माणूसही जीव मुठीत धरून पळतो. सेल्फी पॉइंटला साधा ओरखडा आला नव्हता. उलट थांबा गेल्यामुळे तो रस्त्यावरून जास्त छान दिसू लागला होता.

वासंतीबाई धावतपळत ललिताबाईंकडे गेल्या. दीक्षाला थांबा हलल्याचं कळलं होतं आणि त्या चौकातून आईनं एकटीनं जायचं नाही हा निकाल लागून गेला होता. टॅक्सीनं जा, पैसे मी देते, असं ती म्हणाली होती. ललिताबाईंना टॅक्सी नको होती. कुणी बोलावून दिलेल्या, कुणाच्या तरी फोनवर आपण कुठे आहोत ते दाखवत जाणाऱ्या गाडीत बसायचं, यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं त्यांनी अभ्यासिकेत कळवूनही टाकलं होतं. वासंतीबाई कुलथेंना, माननीयांना, त्या हृदयाला नाही नाही ते बोलू लागल्या. ललिताबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं.

“केतकर बाई,” त्या म्हणाल्या, “तुम्ही तिथे गेलाच नसतात, तर मी सांभाळून उतरले असते.”

आवाज चढलेला नव्हता. वासंतीबाई घरी आल्या, आणि दारातच चप्पल न काढता बसून राहिल्या. राग तसाच होता, पण आता त्यातला एक वाटा त्यांच्या स्वतःच्या नावावर होता, आणि तोच सगळ्यांत जास्त टोचत होता. आपण पुढचं वाक्य बोललो असतो तर? मार्ग मागून न्या, ते लाल हृदय उचला, एवढं सात शब्दांचं वाक्य. ते आपण समोरच्याच्या अकलेवर सोडलं.

आचारसंहिता लागायच्या आत उद्घाटन उरकायचं होतं, म्हणून ते कामाच्या दिवशीच ठेवलं. त्यामुळे रस्ता पूर्ण बंद करता आला नाही, बस चालूच होत्या. माननीय स्वतः पहिली फेरी मारणार होते, मागोमाग आमोदचा क्लब आणि कार्यकर्ते. परिसरातल्या सर्वांत जुन्या सायकलस्वार म्हणून वासंतीबाईंना सन्मानानं बोलावलं होतं. त्या आल्या. पिवळी टोपी त्यांनी नाकारली. त्यांच्या शेजारी खांद्याला पिशवी अडकवून ललिताबाई चालत होत्या. वासंतीबाईंनी सकाळी त्यांच्या दारात जाऊन फक्त, कसब्याला जायचं का, एवढंच विचारलं होतं. चौक ओलांडायचा नाही म्हटल्यावर दीक्षालाही हरकत घेता आली नव्हती.

फीत कापली गेली, ढोल वाजले, माननीय सायकलवर चढले. दोन कार्यकर्त्यांनी मागून आधार दिल्यावर सायकल चालू लागली. ताफा कापलेल्या पाइपांपाशी आला आणि थबकला. हिरव्या पट्टीवर वासंतीबाईंनी आपली सायकल आडवी लावली होती आणि तिच्याशेजारी त्या उभ्या होत्या.

कुलथे साहेब धावत पुढे आले. त्यांचा चेहरा उतरला होता. “बाई, हे काय चाललंय?”

“बसची वाट बघतेय.”

“इथे आता थांबा नाही.”

“ते मला माहीत आहे. तो मीच काढवला,” वासंतीबाई म्हणाल्या. “मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं, चूक माझी. आता पूर्ण सांगते. थांबा इथेच परत हवा. मार्ग त्याच्या मागून जाईल. आणि मागे जे उभं आहे ते उचलायचं.”

त्यांनी बोट दाखवलं. सगळ्यांनी त्या दिशेनं पाहिलं, माननीयांनीही, आणि फोटोतल्या माननीयांनी हात जोडून सगळ्यांकडे पाहिलं. कुणी हसायचं धाडस केलं नाही. माननीय सायकल तिरकी धरून, एक पाय जमिनीवर टेकवून उभे होते, आणि हे फोटोत येतंय का याचा अंदाज घेत होते.

तेवढ्यात बस आली. ललिताबाईंनी मान पूर्ण डावीकडे वळवली, मग पूर्ण उजवीकडे, आणि हात वर केला. ड्रायव्हर रोजचा होता. थांबा असो नसो, त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. दार उघडलं. ललिताबाई हिरवी पट्टी ओलांडून, कठडा धरून, घाई न करता चढल्या आणि बस कसब्याकडे निघून गेली. तेवढा वेळ सगळी मिरवणूक खोळंबून होती.

“झालं तुमच्या मनासारखं?” कुलथे साहेब दबक्या आवाजात म्हणाले. “आता बाजूला व्हा.”

“संध्याकाळी त्या परत येतील,” वासंतीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सायकलला कुलूप लावलं.