मुंग्यांचा दुसरा डबा

त्या घरात नाकमुरडी नावाची एक मुलगी होती. खरं नाव वेगळं होतं, पण ते शाळेत हजेरीपुरतंच. वांगं दिसलं की हिचं नाक वर. दुधावर साय आली, नाक वर. अंड्याचा पिवळा भाग जरा जास्तच पिवळा वाटला, तरी नाक वर! आई म्हणायची, "एक दिवस ते नाक तसंच राहील हं!" पण नाक कसलं राहतंय? पुढच्या घासाला पुन्हा मुरडायला तयार.

आणि आता नेमकं त्याच नाकावर मावशीचं लग्न येऊन अडलं होतं.

झालं होतं असं. मावशी ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकली. तिला बाहेर काढायला जो माणूस आला, तो तिला इतका आवडला, की त्यानंतर ती लिफ्ट वरचेवर बिघडायला लागली. कशी, ते मावशीलाच ठाऊक. हा माणूस दूरच्या डोंगराळ मुलखातला. स्वभावाने लाजाळू, हाताला कायम ग्रीसचा वास. एकदा त्याने नाकमुरडीला इमारतीच्या माथ्यावर नेऊन लिफ्ट ओढणारं ते भलंमोठं चाक फिरताना दाखवलं, आणि त्या दिवसापासून तो तिचा लिफ्टकाका झाला.

पहिल्यांदा घरी येताना लिफ्टकाकाने त्याच्या आईने दिलेली एक बरणी आणली होती. आत काय? भाजलेल्या मुंग्या! चांगल्या टपोऱ्या, मोठ्या बुडाच्या, मीठ लावलेल्या. त्यांच्या मुलखात पाहुण्याला मान द्यायचा तर हेच देतात. नाकमुरडी तेव्हा शाळेच्या सहलीला गेली होती, म्हणून वाचली. बाकी सगळ्यांनी डोळे मिटून एकेक गिळली. आजोबांना तर सभ्यपणाचं भरतंच आलं. "वा! असं काही मी जन्मात खाल्लं नव्हतं," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. पण तिथे थांबावं की नाही? "आईंना सांगा, आणखी पाठवा!"

पाहुण्याची पाठ वळल्यावर बरणी गच्चीवरच्या गुलाबाच्या कुंडीत रिकामी झाली. आणि आता लिफ्टकाकाच्या आईने खरोखर आणखी पाठवल्या होत्या. बरणी नव्हे, डबाच. तो घेऊन लिफ्टकाका रविवारी येणार होता, आजोबांकडे मावशीला मागणी घालायला.

"भोगा आता," आई आजोबांना म्हणाली.

मावशीने नाकमुरडीला बाजूला घेतलं. "हे बघ राणी, बाकीचे गिळतील कसंही. मला भीती तुझ्या नाकाची आहे. त्याच्या आईने त्या स्वतःच्या हाताने वेचल्यात गं. तू तोंड वाकडं केलंस तर त्याला वाटेल, आपण त्याच्या आईला नावं ठेवतो." मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. नाकमुरडीला लिफ्टकाका घरात हवा होता, अगदी हवाच होता. पण नाक काय तिचं ऐकत होतं?

मग सुरू झाली तालीम. नाकमुरडी आरशासमोर कडू औषधाचा चमचा घेऊन उभी राहायची, आणि मावशी वाचनालयातलं जाडजूड पुस्तक उघडून वाचायची. "फार पूर्वी रोममधले श्रीमंत लोक उंदरासारखा एक प्राणी मडक्यात ठेवायचे. अक्रोड चारून चारून त्याला गुबगुबीत करायचे आणि मध लावून खायचे."

"ई!" नाक वर.

"बघ, मध तेव्हाही होता!" बाबा अभिमानाने म्हणाले. त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या गच्चीवर. मधाचा विषय निघाला की त्यांची छाती फुगायची, मग भले त्यात उंदीर का असेना.

"एक पक्षी स्वतःच्या थुंकीचं घरटं बांधतो. लोक त्याचं सूप करतात."

"शी!"

"एका थंड बेटावर शार्क मासा पुरून ठेवतात, मग टांगून वाळवतात. वास असा, की..."

"पुरे गं मावशी!"

शनिवार आला तरी नाक होतं तिथेच, म्हणजे वर. शेवटी मावशीने हात टेकले. "असं कर. मुंगीकडे बघूच नकोस. त्याच्या तोंडाकडे बघत राहा."

रविवारी सगळे टेबलाभोवती बसले. लिफ्टकाका नवा शर्ट घालून आला होता. डबा उघडला, प्रत्येकापुढे वाटी आली. बाबांनी पाहुण्याच्या पावावर मध ओतला. नुसता ओतला नाही, पावाला आंघोळच घातली. "घरचा आहे, लाजू नका!"

नाकमुरडीने हात वाटीत घातला आणि नजर लिफ्टकाकाच्या तोंडावर रोखली. त्याने पाव उचलला. हसला. आणि घास तोंडात जाण्याच्या आधी त्याच्या डाव्या नाकपुडीची कड किंचित, अगदी किंचित वर गेली.

दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. पण नाकमुरडीचा जन्म गेला होता त्यात. ती बघतच राहिली. पुन्हा घास, पुन्हा नाकपुडी.

"लिफ्टकाका," ती ओरडली, "तुम्हाला मध आवडत नाही!"

मावशीने कपाळाला हात लावला. लिफ्टकाका कानापर्यंत लाल झाला.

"नाही हो आवडत," तो शेवटी म्हणाला. "आमच्याकडे खात नाहीत. माशी फुलातला रस पोटात घालून आणते आणि दुसऱ्या माशीच्या तोंडात ओकते. आई म्हणते, ओकलेलं कसं खातात हे लोक? पण पहिल्या दिवशी मी छान म्हणालो, आणि बाबांनी चार बरण्या दिल्या. रोज एक चमचा गिळतो. टाकवत नाही. हिच्या घरचा आहे ना."

आजोबा खोकले. इकडे तिकडे बघितलं. मग म्हणाले, "तुमच्या मुंग्या आम्ही गुलाबाला घातल्या."

क्षणभर लिफ्टकाकाचं तोंड उतरलं. मग त्याचे खांदे हसून गदगदा हलायला लागले, मावशी हसता हसता रडायला लागली, आणि बाबा तेवढे पुटपुटत राहिले, "ओकलेलं? माझा मध?"

"मला आता काही विचारू नका," आजोबा डोळे पुसत म्हणाले. "माझ्या मुलीसाठी जो रोज ओकलेलं गिळतो, त्याला मी नाही म्हणू? तारीख ठरवा!"

मग लिफ्टकाकाने डब्याचं झाकण शोधलं. "हा मी परत नेतो. आईला काहीतरी सांगेन."

"नको!" नाकमुरडीने डबा पोटाशी धरला.

सगळे वळून बघायला लागले. तिची वाटी रिकामी होती. शेजारची, मावशीची वाटीसुद्धा रिकामी होती. ओठांना मीठ लागलं होतं, आणि दातात एक बारीकसा पाय अडकला होता.

"अगं, आणि तुझं नाक?" मावशीने विचारलं.

नाकमुरडीने बोटाने नाक चाचपून पाहिलं.

"विसरलेच," ती म्हणाली.