आहेराचं कपाट

प्रतिभाच्या घरी, इंदिरानगरातल्या त्या फ्लॅटमध्ये, तिचं ऑफिस होतं ते आपलं म्हणायला. खोलीतलं टेबल तेवढं तिचं, बाकी सगळं घराचं. पाहुण्यांच्या गाद्या दाराला टेकून उभ्या, त्यामुळे दार कधी लागतच नसे. तिच्या नवऱ्याची, कुंदनची, व्यायामाची सायकल होती, तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांशिवाय कुणी बसलेलं नव्हतं. सासरच्या गावाहून, नामपूरहून, आलेली कांद्याची गोणी खिडकीखाली, कारण तिथं वारा चांगला लागतो. आणि भिंत अडवून सासूबाईंचं लोखंडी कपाट. कुठली वस्तू कुठं ठेवायची असा प्रश्न पडला की उत्तर ठरलेलं, "ठेव प्रतिभाच्या खोलीत." खोली तिची होती ती एवढ्यापुरतीच.

ती एका विमा कंपनीसाठी दवाखान्यांचे कागद तपासायची. लोकांच्या आजारपणाच्या खाजगी गोष्टी, म्हणून कंपनीनं नवा नियम काढला. घरून काम करणाऱ्याची खोली कॅमेऱ्यावर दाखवायची. दार बंद व्हायला हवं, खोलीत घरच्यांची ये-जा नको. नाहीतर पुण्याच्या ऑफिसात हजर व्हा. इतक्या लांबचं पुणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं, हे प्रतिभाला कुणी समजावून सांगायला नको होतं. तपासणी सोमवारी होती.

"त्यात काय एवढं? अर्ध्या तासाचं काम," असं म्हणून कुंदन मॅच बघायला बसला. अर्ध्या तासाची कामं पुरुषांना फार लवकर दिसतात.

शनिवारी ती एकटीच पदर खोचून लागली. गाद्या हॉलमध्ये, कांदे गॅलरीत, सायकल कुंदनच्या पलंगाशी. दुपार टळली तरी कपाट होतंच. सासूबाई, गोजराबाई, भाचीच्या लग्नाच्या बोलण्यांसाठी नामपूरला गेलेल्या. कपाट हलवायचं तर रिकामं करायला हवं, आणि रिकामं करायचं म्हणजे अर्ध्या बागलाणाचा आहेर उपसायचा. साड्या, ब्लाउजपीस, टॉवेल-टोप्या. लग्ना-बारशात मिळालेलं आणि पुढच्या लग्ना-बारशात द्यायचं. नेसायचं यातलं काहीच नव्हतं. प्रत्येक साडीला टाचणीनं चिठ्ठी लावलेली: कुणाकडून आली. कारण ज्याची त्यालाच परत गेली तर शोभा होते. एकदा तशी गेली होती, तर निफाडच्या मावसबहिणीनं त्यानंतर गोजराबाईंशी बोलणंच टाकलं.

टाचण्या बोटांना टोचायला लागल्या तशी प्रतिभानं त्या काढल्या. चिठ्ठ्या एका पिशवीत घातल्या, नंतर लावू म्हणून. साड्या रंगवार लावून दोन सुटकेसमध्ये भरल्या, आणि त्या सासूबाईंच्या पलंगाखाली सरकवल्या. रिकामं कपाट इंचाइंचानं ढकलत हॉलच्या कोपऱ्यात नेलं. कंबर मोडली होती. डोळे मिटत होते. तरी रिकामी भिंत बघून तिला इतकं बरं वाटलं की ती नुसतीच तिथं फरशीवर बसून राहिली.

सकाळी कचऱ्याच्या घंटागाडीचं गाणं वाजलं आणि ती चार पिशव्या घेऊन धावली. चौथी पिशवी कसली होती, हे तिला चहा पिताना आठवलं. तोवर गाडी कुठल्या कुठे गेली होती.

दुपारी गोजराबाई आल्या. लग्नात मानपानाच्या साड्या लागणार, म्हणून आल्या आल्या पलंगाखालची सुटकेस ओढून उघडली. एरवी त्या सुनेशी मराठीत बोलत, पण रागावल्या किंवा गहिवरल्या की अहिराणीवर येत.

"हाई साडी कोनी शे?" हिरवी उचलून त्यांनी विचारलं. मग निळी. "आनि हाई?"

"आई, चुकून गेल्या चिठ्ठ्या. कचऱ्यात," प्रतिभा म्हणाली.

गोजराबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पलंगावर बसल्या आणि एकेक साडी मांडीवर घेऊन आठवायला लागल्या. संध्याकाळी जेवायलाही उठल्या नाहीत. "तुझं ऑफिस झालं ना नीट? मग झालं," एवढंच म्हणाल्या. प्रतिभाला वाटलं, पुण्याला गेलेलं परवडलं.

सोमवारी कॅमेऱ्यावरच्या मुलीनं खोली पाहिली, दार लावून दाखवायला सांगितलं. दार लागलं. इतक्या वर्षांनी लागताना कुरकुरलं, पण लागलं. "ओके मॅम, चालेल," ती मुलगी म्हणाली आणि गेली. एवढ्यासाठी केलं होतं सगळं, पण प्रतिभाला आनंद काही होईना. अंगात त्राणच उरलं नव्हतं. बाहेर कुंदनचा आवाज आला, "झालं ना तिचं? मग गाद्या परत आत टाकतो. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही."

प्रतिभानं डोळे मिटून घेतले. उठून त्याला अडवावं असंही तिला वाटेना.

"तिकडं नको," गोजराबाईंचा आवाज आला. "माझ्या खोलीत टाक. ती कामावर हाय."

मग दारावर टकटक झाली. त्या दारावर आजवर कुणी टकटक केली नव्हती. लागतच नव्हतं तर करणार कशावर?

"या ना, आई," प्रतिभा म्हणाली.

गोजराबाई उंबऱ्यातच थांबल्या. हातात ती हिरवी साडी होती, घडी न मोडलेली.

"बाकीच्या आठवल्या," त्या म्हणाल्या. "ही काही आठवत नाय. कोनाला द्यायची सोय नाय आता. ज्याची त्यालाच गेली तर?"

"चुकलं माझं, आई."

"चुकलंच." त्यांनी साडी टेबलाच्या कडेला ठेवली, कॉम्प्युटरला धक्का लागणार नाही अशी. "या घरात आल्यापासून आहेरातली एक तरी नेसलीस का गं? मीपन नाय नेसले." जाताना त्यांनी दार ओढून घेतलं, आणि फटीतून म्हणाल्या, "लग्नाला हीच नेस. आते तुनीच शे."