गोजरबाईचे दहा फूट

गोजरबाई गेली तेव्हा तिला अग्नी कुठं द्यायचा यावर घरात वाद झाला नाही. गावच्या स्मशानभूमीत शेड होतं, पण त्याचे पत्रे वावटळीत गेले होते, आणि मुख्य म्हणजे तिथं तिची सासू होती. जन्मभर जिच्याशी एक दिवस पटलं नाही तिच्या शेजारी नेऊन ठेवायचं, हे भिमाजीला बरं दिसेना. तो म्हणाला, "आपल्या वावरात नेऊ. बांधाच्या कडंला, लिंबाखाली. तिचा जीव त्या बांधातच हुता."

हे बोलणं किती खरं होतं, ते त्याला चार महिन्यांनी कळलं.

तेरावं झाल्यावर त्यानं त्या जागी ओटा बांधला. सहा बाय चार, वर काळी फरशी, डोक्याकडं तुळस. पोरगा अमृत चाकणला कंपनीत होता. तो फोनवर म्हणाला, "दादा, आईचा फोटो बसवू फरशीत." भिमाजी नको म्हणाला. एक तर उन्हानं फोटो पांढरा पडतो. दुसरं म्हणजे घरात असलेल्या एकुलत्या फोटोत गोजरबाई हसत होती, आणि वावरात तिला हसताना कुणी बघितलेलं नव्हतं. येणाजाणाऱ्याला वाटायचं, कुणी दुसरीच बाई आहे.

रोज सकाळी भाकरी बांधून तो ओट्यापाशी यायचा. स्वतःच थापलेली भाकरी, एका अंगानं करपलेली आणि दुसऱ्या अंगानं कच्ची. ती खाताना कुणी नावं ठेवत नव्हतं.

वैशाखात नोटीस आली. शेजारच्या सहादेवनं जमिनीच्या मोजणीचा अर्ज केला होता.

बारा वर्षांपूर्वीही त्यानं मोजणी आणली होती. तेव्हा गोजरबाई मोजणीच्या साखळीवर बसली आणि दिवस मावळेपर्यंत उठली नाही. साखळी सरकारी आणि बाई परक्याची, हात लावणार कोण? मोजणीवाले तिनंच दिलेला चहा पिऊन परत गेले. आता बाई नव्हती, म्हणून सहादेवला पुन्हा अर्ज सुचला.

भिमाजीला नोटिशीचं वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. सहादेव बांध कोरतो, दरवर्षी चार बोटं आपलं रान खातो, हे तो चाळीस वर्षं गावभर सांगत आला होता. त्याला गोजरबाईनं सांगितलं होतं आणि त्यानं गावाला. या एका गोष्टीपायी तो सहादेवच्या पोरीच्या लग्नाला गेला नव्हता. आता सरकारच सांगेल चोर कोण ते. ओट्याच्या फरशीवर हात ठेवून तो म्हणाला, "थांब जरा. तुझं खरं होतंय आता."

मोजणीच्या दिवशी साहेब सकाळीच आले. साखळी नव्हती. एका काठीवर पांढरं भांड्यासारखं यंत्र होतं.

"ह्यानं कसं मोजत्यात?" भिमाजीनं विचारलं.

"वर उपग्रह असतो, बाबा. तिथून जागा कळते."

भिमाजीनं वर बघितलं. साखळीवर बसता येत होतं. वर गेलेली असली तरी गोजरबाईला त्या उपग्रहावर बसता येईल का, याची त्याला शंका वाटली.

सहादेव नवीन टोपी घालून आला होता. त्याची बायको चांगुणाबाई बांधावर पदर डोक्यावर घेऊन बसली होती, तोंड आंबट करून. सहादेवच्या पलीकडच्या वावराचा कल्याण तंबाखू मळत उभा होता. लगतचा शेतकरी म्हणून त्यालाही नोटीस गेली होती.

साहेबांनी काठी रोवली, उचलली, पुन्हा रोवली, आणि मग चुन्याच्या खुणा टाकायला लागले. बांधाच्या अलीकडं आले, लिंबाच्या अलीकडं आले. ओट्याला वळसा घालून भिमाजीच्या वावरात शिरले आणि तिथं चुना पडला.

"बाबा, हद्द इथं आहे," साहेब म्हणाले. "बांध सहादेव नानांच्या गटात दहा फूट आत सरकलाय."

भिमाजीला आधी उमगलंच नाही. "म्हंजे त्यानं आमचं दहा फूट खाल्लंय?"

"उलटं. त्यांचे दहा फूट तुमच्याकडे आहेत."

"यंत्र चुकलं आसंल. पुन्यांदा बघा."

साहेबांनी पुन्यांदा बघितलं. मग तिसऱ्यांदाही बघितलं, माणूस म्हातारा होता म्हणून. चुना जागचा हलला नाही.

सहादेवनं टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. "चाळीस वरसं मी चोर. पोरीच्या लग्नात तुझं ताट मांडून ठिवलं हुतं मी. आता बोल की."

भिमाजीनं बांधाकडं बघितलं. त्याला गोजरबाई दिसत होती. पेरणीच्या आधी, रखरखीत उन्हात, डोक्याला टॉवेल गुंडाळून, कुदळ घेऊन बांधावर. तो हाक मारायचा, "ऊन लई हाय, ये घरी." ती म्हणायची, "गवात काढून येते." गवत काढायला कुदळ लागत नाही, हे चाळीस वर्षांत त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. इकडून बांध तासायचा आणि ती माती तिकडच्या अंगाला लावायची. बांध तेवढाच रुंद दिसायचा, नुसता चालायला लागायचा.

आणखी एक गोष्ट त्याला आठवली, ती जास्त टोचली. बापाच्या वेळी या पट्ट्यात कांद्याचे वीस वाफे पडायचे. त्याच्या हातात आल्यावर बावीस पडायला लागले. तो चारचौघांत सांगायचा, आपल्याला रान बांधायची अक्कल आहे.

"ओटा उचल," सहादेव म्हणाला. "पंधरा दिस देतो."

"ओटा कसा उचलू? खाली बाई हाय."

"बाई कुठली, राख हाय. आन राख बी तुमी पैठनला सोडून आला."

"समदी न्हाई सोडली."

साहेब यंत्राशी काहीतरी करत राहिले. भिमाजी ओट्यापाशी गेला. त्याचं त्यालाच कळेना, लाज कशाची वाटावी. बायकोनं चोरी केली याची, का चोरलेल्या जागेतच तिला ठेवली याची? पाच एकरात शोधून शोधून तेवढीच जागा त्यानं काढली होती, जी तिची नव्हती.

"हे बघ," तो म्हणाला, "वरच्या अंगाला काळं रान हाय माझं, तुझ्या वावराला लागून. तिथलं ह्याच्या दुप्पट घे. पन हे असंच ऱ्हाऊ दे."

सहादेवच्या डोळ्यात काळं रान लागलीच दिसलं. तो हो म्हणायच्या बेतात होता, तेवढ्यात चांगुणाबाई उठली.

"दुप्पट नको आन तिप्पट नको. तुमची ही दहा फूट बी तुमालाच ठिवा, भावजी. मला येकच पायजे. गोजरबाईनं बांध कोरला, असं तोंडानं म्हना. हितं, समद्यांच्या म्होरं. चाळीस वरसं मी चोराची बायकू म्हनून पान्याला गेलेय."

"अगं पन काळं रान देतोय तो," सहादेव म्हणाला.

"तुमी गप बसा."

भिमाजी उभा राहिला. सोपं होतं. दोन शब्द बोलले की ओटा राहत होता. पण मेलेल्या बायकोला गावासमोर चोर म्हणायचं आणि उद्या सकाळी तिच्याच शेजारी बसून भाकरी खायची, हे कसं जमायचं? नाही म्हणावं तर पंधरा दिवसांनी पहार घेऊन यायचं आणि फरशी उचलायची. कल्याणनं तंबाखू तोंडात टाकली आणि तो नीट ऐकायला दोन पावलं पुढं आला.

"कोरला," भिमाजी म्हणाला.

"कुनी?"

"गोजरबाईनं. माझ्या डोळ्याम्होरं कोरला आन मला दिसला न्हाई." त्याला वाटलं संपलं, पण तोंड थांबेना. "दहा फूट कोरला. येकटीनं. दोन बाळातपनं झाली, येकदा हात मोडला, तरी येक वरीस चुकवलं न्हाई. मी कधी कुदळ धरू लागलो न्हाई तिला. त्याचं वाईट वाटतंय."

चांगुणाबाईला हवं ते मिळालं होतं, पण ती खूश दिसेना. माफी मागेल असं तिला वाटलं होतं. हा तर बायकोचं कौतुक करत होता.

"झालं," ती म्हणाली. "मिटलं. साहेब, चला जेवायला. पिठलं-भाकरी केलीय."

"जेवतो की. पलीकडची बाजू तेवढी घेतो आधी," साहेब म्हणाले.

"तिकडं कशाला? भांडान हिकडचं हाय."

"चारी बाजू बंद झाल्याशिवाय नकाशा होत नाही, मावशी."

"पिठलं गार हुईल."

साहेब काठी घेऊन निघालेही होते. कल्याणच्या बांधावर त्यांनी काठी रोवली, हातातल्या यंत्रात बघितलं, कागद बघितला आणि डोकं खाजवलं.

"नाना, तुमचं क्षेत्र कागदावर एक हेक्टर वीस आर. तुमच्या ताब्यातही बरोबर तेवढंच भरतंय."

"मंग चांगलंच हाय की," सहादेव म्हणाला.

"तिकडून दहा फूट गेलेत ना तुमचे? तरी भरतंय. म्हणजे तेवढे कुठून तरी आलेत."

आता सगळ्यांनी कल्याणच्या बांधाकडं बघितलं. कल्याणचं तंबाखू चघळणं थांबलं. सहादेवनं आपल्या बायकोकडं बघितलं. चांगुणाबाई पदराचं टोक निरखत होती.

"म्हनून तू मोजनी नको, मोजनी नको म्हनत हुतीस," सहादेव हळू म्हणाला.

"माझ्याकडं काय बघता? तिनंच सांगितलं," चांगुणाबाईनं ओट्याकडं हात केला. "नवी नवरी हुते. पैल्याच वरसाला धरलं मी तिला, कुदळीसकट. तर म्हनली, आता सरकलाय तो सरकलाय, माघारी घ्यायला माझी सासू ऐकायची न्हाई. तुझं गेलं आसंल तर पलीकडनं घे. मला काय सांगतीस."

"आन रोज बांधावर शिव्या देत हुतात येकमेकीला, ते?" भिमाजीनं विचारलं.

"ते ठरलेलंच हुतं. बायका भांडाय लागल्या की गडी लांब ऱ्हात्यात. तुमी येक दिस तरी आला व्हय बांधाकडं?"

एक दिवसही आला नव्हता. भांडण ऐकू आलं की भिमाजी विहिरीकडं जायचा आणि सहादेव गावात.

कल्याणला कंठ फुटला. "काकी, माझं दहा फूट? साहेब, खुना टाका. सहादेवनाना, आता तुमी बोला."

"टाका की," चांगुणाबाई म्हणाली. "आन तुझी आय साळूबाई ओढ्याला धुनं धुवाय जायची, ती कुदळ घिऊन का जायची, ते बी लिहा."

कल्याणच्या पलीकडं ओढा होता. साहेबांनी नकाशा फिरवून बघितला. "ओढा इथं तीस फुटांचा दाखवलाय," ते म्हणाले. समोर ओढा वीस फुटांचा होता. उरलेल्या दहा फुटांत कल्याणचा जनावरांसाठीचा घास गुडघ्याएवढा डोलत होता. ओढा सरकारी. सरकारला बायको नव्हती, म्हणून एवढं त्याच्याच अंगावर आलं होतं.

कल्याणनं घासाकडं बघितलं, मग आभाळाकडं. "साहेब," तो म्हणाला, "ऊन लई झालंय. पिठलं खरंच गार हुईल."

साहेब तरुण होते, पण मूर्ख नव्हते. काठी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "नाना, अर्ज तुमचा आहे. पुढं जायचं, की मागं घेताय?"

सहादेवनं अर्ज मागं घेतला. लिंबाच्या सावलीत बसून, गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. भिमाजीनं आणि कल्याणनं साक्षीदार म्हणून सह्या केल्या. इतक्या वर्षांत तिघं एका कागदावर पहिल्यांदाच आले होते. चुन्याची रेघ चांगुणाबाईनं टाचेनं घासून टाकली, आणि घासता घासता म्हणाली, "ओटा तुमचा ऱ्हायला, भावजी. पन कागदावर ती माझ्यात हाय, एवढं ध्यानात ठिवा."

"ऱ्हाऊ द्या. कुठं तरी नांदली म्हंजे झालं."

जेवण सहादेवच्या गोठ्यापाशी झालं. चांगुणाबाईच्या हातचं पिठलं भिमाजीनं पहिल्यांदा खाल्लं. गोजरबाई म्हणायची, तिच्या पिठल्यात गुठळ्या असतात. गुठळ्या होत्या. तो दोनदा वाढून घेऊन जेवला.

साहेब गेले. कल्याण घास कापायला गेला, जरा घाईनंच. सहादेव गोठ्यात आडवा झाला. भिमाजी टॉवेल विसरला होता म्हणून लिंबाकडं परत आला, तर ओट्यावर चांगुणाबाई बसलेली. पायथ्याशी नाही, खाली नाही, सरळ फरशीवर, पाय लोंबते सोडून.

तिनं त्याला बघितलं नाही.

"गेलीस आन मला तोंडावर पाडलंस," ती फरशीला म्हणत होती. "चार महिनं थांबली आसतीस तर यंत्रावर बसली आसतीस. मला कुठं बसता येतंय तुझ्यासारखं. आन ह्या कल्याणची बायकू शिकलेली हाय, ती काय आता गप बसती व्हय? बोल की. आता काय करायचं ते सांग."

मग ती थांबली आणि मान जरा वाकडी करून ऐकू लागली. चार महिने भिमाजी रोज त्याच जागी बसत होता. त्याला एकदाही उत्तर आलं नव्हतं. चांगुणाबाईला काय ऐकू आलं कोण जाणे, पण ती नाकातून हसली आणि म्हणाली, "व्हय, ते बी खरंच हाय."

भिमाजीनं टॉवेल तसाच फांदीवर राहू दिला आणि आवाज न करता विहिरीकडं गेला.