हँडल मारण्याआधी

"डायवर, नूटल हाये का?"

पुढच्या बाकावरून प्रयागबाईने विचारलं आणि मागे बसलेल्या बाजारच्या लोकांत खसखस पिकली. आसेगावहून शेलूबाजारला जाणारी मदनसिंगची मोटार, पंचावन्न सालच्या पूस महिन्यातली थंडी, माणसांनी आणि मेथी-कोथिंबिरीच्या टोपल्यांनी गच्च भरलेली गाडी, आणि ही बाई दर बाजाराला न चुकता हा एकच प्रश्न विचारायची. पंजाबराव डायवरने डावा हात गिअरच्या दांड्यावर ठेवला आणि तिला दिसेल असा तो इकडून तिकडे डुगडुगवून दाखवला. दांडा सैल हलला म्हणजे गाडी गिअरमध्ये नाही, न्यूट्रलला आहे. मग त्याने हातब्रेक ओढून दाखवला आणि म्हणाला, "हाये."

"मंग मारू द्या हँडल."

"मोटार इन्स्पेक्टर केलं काय वं तुले सरकारनं?" दौलतराव पाटील मागून ओरडले.

लोक हसले, प्रयागबाई हसली नाही. समोर खेमा क्लीनर वाकला, त्याने रेडिएटरखालच्या भोकात इंजिन चालू करायचं लोखंडी हँडल बसवलं आणि जोर लावून वर खेचलं. इंजिन उलटं भडकलं. हँडलने असा हिसका दिला की खेमा मनगट धरून मटकन खालीच बसला.

"आंगठा!" पंजाबराव उडी मारून खाली आला. "किती डाव सांगतलं बे तुले, आंगठा हँडलले गुंडाळाचा नाई! बोटाइच्या संगंच ठेवाचा. उलटा आला त हात सुटला पाह्यजे!"

"रामधन करतेत हे लोक, रामधन," दौलतरावांनी शेरा मारला. "येवढी घाई कायची असते बाप्पा!"

रामधन करणे म्हणजे न विचारता, न बघता घाईघाईत काहीतरी करून बसणे. आसेगावपासून शेलूबाजारपर्यंत हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी बसला होता. दूध उतू गेलं की सासवा सुनांना ऐकवायच्या, पाटी फुटली की मास्तर पोरांना ऐकवायचे. आणि तो रामधन म्हणजे प्रयागबाईचा नवरा, याच मोटारीचा आधीचा क्लीनर. तीन वर्षांपूर्वी याच थांब्यावर, गाडी गिअरमध्ये असताना त्याने हँडल मारलं. इंजिन पेटलं, गाडी दगडावरून उडी घेऊन पुढे आली आणि धर्मशाळेच्या भिंतीला लागली. मध्ये रामधन होता. आता त्याच्या बायकोच्या देखत लोक त्याचं नाव असं वापरायचे आणि आपण काय बोललो हे कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. लोकांचं काय हो, एकदा शब्द जिभेला सापडला की सापडला.

प्रयागबाई खिडकीबाहेर बघत राहिली. पंजाबराव तिच्याकडे बघू शकला नाही.

थांबा उतारावर होता, म्हणून चार बाप्यांनी धक्का मारून गाडी चालू करून दिली. खेमाच्या मनगटाला धोतराची पट्टी बांधून त्याला बाजूला बसवलं आणि मोटार मंगरूळच्या वाटेला लागली.

पंजाबरावाला आज जागेवर धड बसवत नव्हतं. तसं तीन वर्षांत त्याला कधीच बसवलं नव्हतं म्हणा. जेवताना डावा हात ताटाशेजारी उगाच हलत राहायचा, आणि बायको विचारायची, "काय डुगडुगवून राह्यले वो?" गाडी उभी केली की हातब्रेक ओढायचा, चाकाला दगड लावायचा, स्विचची किल्ली काढून गळ्यातल्या दोऱ्यात अडकवायची. चार पावलं जायचं आणि परत यायचं. दगड पायाने हलवून बघायचा. पुन्हा चार पावलं. लोक कौतुक करायचे, गाडीला जपावं तर पंजाबरावाने. ते ऐकून बिचाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

कारण खरं काय घडलं ते त्याला एकट्याला माहीत होतं. त्या वर्षी हातब्रेक झिजला होता, म्हणून मुक्कामाला गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवायची, वर चाकाला दगड. सकाळी डायवरने आधी दांडा काढून न्यूट्रल करायचा, क्लीनरने समोरून विचारायचं, डायवरने हो म्हटल्यावरच हँडल मारायचं. दोघांची रीतच होती ती. त्या सकाळी थंडी मरणाची होती. पंजाबराव जागेवर बसून विडी पेटवत होता आणि काडी विझत होती. समोरून रामधनने विचारलं, "भाऊ, नूटल?" पंजाबराव दुसरी काडी ओढत होता. रामधनने पुन्हा विचारलं. "हो," पंजाबराव म्हणाला. विडी पेटली. दांड्याला त्याने हातसुद्धा लावला नव्हता. थंडीत हँडल तसंही जड लागायचं, रामधनला वेगळं काही जाणवलं नसेल.

पंचनाम्याला आलेल्या जमादाराने विचारलं, मयताने हँडल मारण्याआधी विचारलं होतं का? गर्दीत मदनसिंग मालक डोळे रोखून उभा होता. लायसन जाणार, कदाचित तुरुंग, घरात तीन पोरी. पंजाबरावाची पाचावर धारण बसली. "नाई जी," तो म्हणाला, "इचारलंच नाई त्यानं." एवढंच तो बोलला, आणि तेवढ्याने रामधनच्या नावाची माती झाली.

तोवर प्रयागबाई त्याला भाऊजी म्हणायची. तिच्या चुलीपुढे बसून त्याने किती भाकरी खाल्ल्या असतील त्याला गणती नाही. तेरावं झाल्यावर पहिल्या बाजाराला ती टोपली घेऊन गाडीत चढली, नेमकी पुढच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "डायवर, नूटल हाये का?" तेव्हापासून तो डायवरच. तिला काही कळलं होतं की नुसता संशय होता, की जिवाच्या धास्तीने विचारत होती, हे पंजाबरावाला समजेना, आणि विचारायची छाती होईना.

मंगरूळला दवाखान्यापाशी इंजिन बंद न करता त्याने खेमाला उतरवलं. शेलूबाजार दोनेक कोसांवर राहिलं असेल, तोच एका चढावर गाडीने आचके दिले आणि बंद पडली. मागे उतार, उताराच्या तळाशी कठडा नसलेला पूल. पंजाबरावाने दोन्ही ब्रेक दाबून धरले आणि ओरडला, "उतरा सगळे! पयले चाकाइले दगड लावा!"

लोक उतरले. चारी चाकांना दगड लागले. पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला होता, तो त्याने फुंकून काढला. पण आता गाडी चालू कशी करायची? चढावर एवढी गाडी ढकलायला बाप्ये कुठे होते, बाजाराला चाललेल्या बाया आणि म्हातारेच फार. मागे सोडून चालू करावी तर पूल. सेल्फ स्टार्टर तर कित्येक वर्षांपासून मेलेला. राहिलं हँडल. ते पंजाबराव मारेल, पण कोणीतरी त्याच्या जागी बसून एका पायाने ब्रेक दाबून ठेवायला हवा आणि इंजिन बोललं की दुसऱ्या पायाने अ‍ॅक्सिलेटर, नाहीतर ते लगेच मरतं.

"पाटील, तुमी बसता काय?"

"मी? नाई रे बाबा!" दौलतराव दोन पावलं मागे सरले. "माह्या पायाखाली काई चुकलं, आन् तू समोर उभा. मले नाई लागत हे पाप."

बाकीचे इकडेतिकडे बघू लागले. प्रयागबाईने टोपली खाली ठेवली.

"मी बसते."

"वयनी, तुमी..." पंजाबराव म्हणाला.

"काहून? तीन सालापासून पाहूनच त राह्यले."

ती चढून त्याच्या जागेवर बसली. लुगडं आवरून पाय पुढे केले. पंजाबरावाने गळ्यातली किल्ली काढली. तीन वर्षांत ती त्याने कुणाच्या हाती दिली नव्हती. किल्ली लावून स्विच चालू केला आणि दारात उभं राहून तो दाखवू लागला, "हा बिरेक. दाबूनच ठेवा, पाय काढाचा नाई. हा अक्सिलेटर, इंजन बोललं की हलकाच दाबजा. आन् हा दांडा. डुगडुगला त..."

"त नूटल. ताठ असला त गिअरात," प्रयागबाई म्हणाली. "त्यायनं सांगतलं होतं मले. चुलीपुढं बसून भाकरी उलथाचा सराटा हालवून दाखवला होता. जा तुमी समोर."

तो समोर गेला. हँडल बसवलं, अंगठा बोटांच्या बाजूला घेतला, वाकला आणि वर पाहिलं. काचेवर ऊन पडलं होतं. आत काहीसुद्धा दिसत नव्हतं. ना बाई, ना दांडा, ना तिचे पाय. बावीस वर्षं मोटार चालवून तो इथे, या जागी असा कधी उभा राहिला नव्हता. आणि इथून काही म्हणजे काही दिसत नाही हे त्याला आज कळलं. आतल्या माणसाच्या शब्दावर जीव टाकायचा, दुसरं काही नाही. रामधन रोज सकाळी हे करत होता.

"नूटल?" त्याने विचारलं.

उत्तर आलं नाही.

"वयनी, नूटल हाये का?"

"सांगते," आतून आवाज आला. "पयले तुमी सांगा. त्या दिशी त्यायनं इचारलं होतं का?"

रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक गाडीकडे बघू लागले. पंजाबरावाला हँडल सोडून बाजूला होता आलं असतं. दोन पावलांचं काम होतं. डोकं फिरलं का बाईचं, असं म्हणून त्याने गलका केला असता तर दौलतरावांसकट सगळे त्याच्याच बाजूने बोलले असते, हेही त्याला कळत होतं. पण हात हँडलवरून निघेना.

"इचारलं होतं," तो म्हणाला.

"जोरानं सांगा. लोकाइले आयकू जाऊ द्या."

"इचारलं होतं रामधननं!" पंजाबराव ओरडला, आणि एकदा ओरडल्यावर त्याला थांबता येईना. "दोन डाव इचारलं. म्या विडी पेटवत होतो. म्या न पाह्यता हो म्हटलं. गाडी गिअरातच होती. त्याची काई चुकी नाई. माही हाये. जमादाराले खोटं सांगतलं म्या."

दौलतरावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून तसेच उभे राहिले. आत दांड्यावरचा तिचा हात काय ठरवतो आहे ते पंजाबरावाला दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी जे होईल ते त्याला कबूल होतं. मग दांड्याचा आवाज आला. खडखड, खडखड. एकदा, आणि थांबून पुन्हा एकदा.

"नूटल हाये," प्रयागबाई म्हणाली. "म्या पाह्यलं. मारा."

त्याने हँडल वर खेचलं. इंजिन खोकलं आणि पेटलं. मोटार जागच्या जागी थरथरली, पण तसूभर पुढे आली नाही. पंजाबराव हँडल छातीशी धरून रस्त्यातच रडू लागला, चांगला बेचाळीस वर्षांचा बाप्या, भर दिवसा, सगळ्यांसमोर. त्याने डोळे पुसून जागेवर चढून ब्रेकवर पाय ठेवल्यावरच प्रयागबाईने आपला पाय काढला. खाली उतरून तिने लोक चढेपर्यंत वाट पाहिली. मग वाकून चाकाखालचे दगड एकेक करून काढले, हातातली माती झटकली आणि शेवटी चढली. क्लीनरचं ते काम तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शेलूबाजारला उतरताना पंजाबराव दारापाशी उभा राहिला. त्याला वाटलं, ती काहीतरी बोलेल. शिव्या देईल, निदान एकदा भाऊजी म्हणेल. तिने टोपली डोक्यावर घेतली आणि बाजाराच्या गर्दीत निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी पंजाबराव ठाण्यात जाऊन बयान लिहून देऊन आला. मदनसिंगने त्याला नाही नाही ते सुनावलं, जुनं मढं उकरून काय मिळालं म्हणून. वरून हुकूम येईपर्यंत गाडी चालव म्हणाला, कारण दुसरा डायवर कुठे होता? हुकूम कधी येईल, काय येईल, कुणालाच ठाऊक नव्हतं. पंजाबराव रोज वाट बघत होता. जेवताना हात अजून हलायचाच.

पुढच्या बाजाराला खेमाच्या जागी तांड्यावरचा सोमला आला होता. दांडगा गडी, पण हँडलला नवखा. तो समोर जाऊन वाकला तसे दौलतराव खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडले, "ए सोमला! पाह्य बरं, रामधन..."

एवढं बोलून ते थांबले. गाडीतली माणसं त्यांच्याकडे बघू लागली. पाटलांनी खाकरून घसा साफ केला.

"रामधनवानी करजो," ते म्हणाले. "दोन डाव इचारजो. मंगच मारजो."

"नूटल?" समोरून सोमलाने विचारलं.

पंजाबरावाने दांडा डुगडुगवला आणि सवयीने पुढच्या बाकाकडे वळून दाखवला. बाकावर कुणाची तरी वांग्यांची टोपली ठेवली होती.

"नूटल?" सोमलाने दुसऱ्यांदा विचारलं.

"हाये, पाह्यलं," पंजाबराव म्हणाला, आणि त्याने आरशात मागे पाहिलं. प्रयागबाई शेवटच्या बाकावर, बाजाराला निघालेल्या गोजराबाईच्या शेजारी बसली होती. मेथीची एक जुडी सैल झाली होती, ती सोडून पुन्हा बांधत होती. हँडल फिरलं, गाडी हलली, तरी तिने वर पाहिलं नाही.